सोंगाड्याच्या हातचं थापटणं

तेरच्या गोरोबाकाकांच्या घरची गोष्ट मराठी घरांत शाळेच्या आधीच कानावर पडते. संतमंडळी जमलेली असतात. कोपऱ्यात कुंभाराचं थापटणं पडलेलं असतं. काका, हे काय आहे, असं मुक्ताबाई विचारते. मडकं कच्चं की भाजलेलं ते याने कळतं, असं काका सांगतात. मग आम्हीही मडकीच की, आमचीही पारख करा, असं ती म्हणते आणि काका खरोखरच एकेकाच्या डोक्यावर थापटणं हाणत निघतात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान हूं की चूं करत नाहीत. नामदेव मात्र फणकारतात. भर मंडळीत निकाल लागतो : हे मडकं कच्चं.

कीर्तनकार इथून गुरुमहिम्याकडे वळतात. नामदेव रुसून पंढरपूर गाठतात, विठ्ठलाकडे गाऱ्हाणं मांडतात, तर विठ्ठलही गोरोबांचीच बाजू घेतो. पुढे औंढ्याला विसोबा खेचर गुरू म्हणून भेटतात आणि कथा मार्गाला लागते. स्टेजवर उभं राहून पोट भरणाऱ्या माणसाला मात्र या गोष्टीत दुसरंच काही दिसेल. धाराशिव जिल्ह्यातल्या या तेरणाकाठच्या गावात एका यजमानाने पाहुण्यांना सगळ्यांसमक्ष टपल्या मारल्या, एकाचा पार कचरा केला आणि लोक शेकडो वर्षं ही गोष्ट कौतुकाने सांगत आले. आजची पोरं याला ‘रोस्ट’ म्हणतील.

समोरच्याचा पाणउतारा करून हसवणं हा विनोदातला सगळ्यांत जोखमीचा धंदा आहे. चुटका फसला तर शांतता पसरते. टपली फसली तर मार पडतो. तरीही या धंद्यावर माणसांनी आयुष्यं काढली आहेत. अमेरिकेत हा प्रकार म्हटला की डॉन रिकल्सचं नाव निघतं. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस सुरुवातीला साधे विनोद सांगायचा आणि ते बेताचेच चालायचे. मधेच तोंड घालणाऱ्या गिऱ्हाइकाला उलट फटकारलं की क्लब जास्त हसतो, हे त्याने हेरलं आणि मग तेच त्याचं भांडवल झालं. पन्नाशीच्या दशकात मायामीच्या एका क्लबात गायक फ्रँक सिनात्रा आला. सिनात्राचा हात सैल, हे जगजाहीर होतं. रिकल्सने मंचावरूनच त्याला सांगितलं की संकोच करू नकोस, घरच्यासारखं वाग, कुणाला तरी एक ठेवून दे. क्लब गार पडला. मग सिनात्रा खदखदून हसला आणि रिकल्सचं नशीब उघडलं. लास व्हेगासचं सहारा हॉटेल, १९६५ पासून जॉनी कार्सनचा टीव्हीवरचा कार्यक्रम आणि १९८५ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या शपथविधीचा सोहळा, अशी त्याची चढती कमान राहिली. ‘विषाचा व्यापारी’ ही त्याची पदवी. पण कार्यक्रमाच्या शेवटी हा व्यापारी गंभीर होऊन सांगायचा की यातलं काही मनावर घेऊ नका.

सिनात्रा हसला नसता तर? तर रिकल्सचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं. टपली मारणाऱ्याचं सगळं भवितव्य टपली खाणाऱ्याच्या हातात असतं. हा त्या धंद्यातला उलटा व्यवहार आहे.

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोन अभ्यासकांनी २०१० मध्ये याचा एक सिद्धान्त मांडला. काहीतरी मर्यादा मोडली जाते आणि त्याच क्षणी त्यात खरा धोका नाही हेही जाणवतं, तेव्हा हसू फुटतं. गुदगुल्यांचं उदाहरण घ्या. कुणीतरी अंगावर हात टाकतं, म्हणजे हल्ला तर आहे. पण हात ओळखीचा आहे. अनोळखी माणसाने एसटीत गुदगुल्या केल्या तर कुणी हसणार नाही, कंडक्टरला हाक मारतील. अपमानाचंही तसंच. मग प्रश्न उरतो की हात ओळखीचा कसा करायचा?

आपल्याकडे गावगाड्याने याची सोय फार पूर्वीच करून ठेवली होती. लग्नात रुखवताच्या गाण्यांत विहिणीची यथेच्छ टर उडवली जाते. तिचं खाणं, तिचं नटणं, तिच्या माहेरची मिजास, काही सुटत नाही. आणि विहीण पदर तोंडाला लावून हसते, कारण रागावली तर आणखी चार कडवी तिच्या नावाने लागतील. शिमग्याला बोंब ठोकायची मुभा, पण ती शिमग्यापुरतीच. मेहुणा-मेहुणी, दीर-भावजय, आजा-नातू यांच्यात थट्टा चालते. सासऱ्याशी ती केली तर घरात अबोला. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये अशा ‘थट्टेच्या नात्यां’वर एक गाजलेला लेख लिहिला. जिथे जवळीक आहे आणि ताणही आहे, तिथे समाज थट्टेला परवाना देतो, असं त्याचं म्हणणं. मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला हे न वाचताच ठाऊक असतं.

परवान्याला मुदत असते, हेही ध्यानात घ्यायला हवं. याच धाराशिव जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची एकच मूर्ती आहे. वर्षातला मोठा काळ ती अणदूरला असते, मग ठरल्या दिवशी नळदुर्गला जाते आणि ठरल्या दिवशी परत येते. दोन्ही गावांचा तसा करारच आहे. जिथे देवाचा मुक्कामसुद्धा करारावर चालतो, तिथे थट्टेची हद्द लोकांना समजावून सांगावी लागत नव्हती.

विधीच्या आडोशाने येणारी थट्टा तुळजापूरच्या गोंधळातही सापडते. नाईक आख्यान लावतो, संबळ घुमतो, आणि रंग चढत असतानाच साथीदार खुळ्यासारखा प्रश्न विचारून नाईकाची लय मोडतो. नाईक त्याला शहाणपण शिकवायला जातो आणि स्वतःच अडकतो. मधेच यजमानालाही एक चिमटा बसतो. देवीचा जागर चाललेला आहे, घरात पाहुणे आहेत, यजमान चिडणार कसा?

या साथीदाराला तमाशाच्या फडावर आणलं की त्याचा सोंगाड्या होतो.

तमाशात गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण अडवतो, सोबतीला पेंद्या असतो, आणि गौळणींची म्होरकी म्हणून पुरुषाने रंगवलेली मावशी असते. ही मावशी साक्षात देवाची उलटतपासणी घेते. तू कोण, कुणाचा, वाटेत का उभा, जकात कसली मागतोस? देवाचाच असा पंचनामा झाल्यावर पाटील-कुलकर्ण्यांनी बुरा मानण्यात अर्थ राहत नाही. मग बतावणी, मग वग. वगात राजा, प्रधान, आणि त्यांच्या पायाशी सोंगाड्या : कधी शिपाई, कधी हवालदार, कधी नुसताच नोकर. राजाच्या सगळ्यांत जवळ आणि सगळ्यांत खाली. संहिता बहुधा तोंडीच. त्यामुळे वग तोच असला तरी त्या गावातली दुष्काळी कामं, त्या गावची निवडणूक, त्या गावचा कंजूष सावकार त्यात आयत्या वेळी शिरायचा.

नीट पाहिलं तर सोंगाड्याच्या हल्ल्याला एक चढण असते. पहिली टपली तो स्वतःला मारून घेतो : आपलं काळं तोंड, आपली फाटकी बंडी, घरी बायको विचारत नाही. दुसरी जोडीदाराला, तिसरी राजाला. इतकं झाल्यावर, लोक हसून मऊ पडल्यावर, चौथी पुढच्या रांगेतल्या फेटेवाल्याला. दौलतजादा म्हणून कुणी नोट पुढे केली की देणाऱ्याचं नाव मंचावरून पुकारलं जातं, आणि नाव पुकारताना सोंगाड्या त्याला सोलूनही घेतो. पैसे देऊन टर उडवून घेणारं हे गिऱ्हाईक रिकल्सच्या क्लबातलं नव्हे. ते आपल्याच यात्रेतलं.

या परवान्याची दुसरी बाजूही आहे आणि ती गुळगुळीत करून सांगू नये. तमाशा कलावंत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. रात्री मंचावर पाटलाची खिल्ली उडवणारा माणूस सकाळी त्याच पाटलाच्या वाड्याबाहेर बिदागीसाठी उभा असायचा. त्याला बोलण्याची मोकळीक होती ती तो खालचा मानला जात होता म्हणून. ज्याच्या बोलण्याने काही बिघडत नाही, त्यालाच बोलू द्यायचं, हा सत्तेचा जुना हिशेब. शिवाय याच मंचावरून नाचणाऱ्या बाईच्या अंगाखांद्यावर, काळ्या-ठेंगण्या माणसावर, तोतऱ्यावर जे शेरे मारले गेले, त्यांतला बराच भाग आज ऐकवत नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की टीव्हीवरच्या विनोदाने परंपरेतून नेमकं तेवढंच उचललेलं दिसतं : साडीतला पुरुष आणि जाड बाई. राजाला मारायची टपली वाटेत कुठेतरी पडून गेली.

सरकारलाही हा प्रकार कधी पचला नाही. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली आणि मग संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, हैदराबाद संस्थानात होतं, मुंबईचा हुकूम इथे चालत नव्हता. पण तपासणीचा मुद्दा पुढे सगळ्यांनाच लागू झाला. लिहिलेला वग तपासता येतो. सोंगाड्या आयत्या वेळी काय बोलेल ते कसं तपासणार? आज धाराशिव-सोलापूर पट्ट्यात, चोराखळीसारख्या ठिकाणी, महामार्गाच्या कडेने कला केंद्रं दिसतात. ती संगीत बारीची : पेटी, ढोलकी, लावणी. तिथे वग नाही, म्हणून सोंगाड्याही नाही. सोंगाड्याला जागा लागते ती ढोलकी फडाच्या तमाशात, आणि ते फड वर्षागणिक कमी होत गेले.

ज्यांनी ती जागा गाजवली त्यांत सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंचं नाव पहिलं घ्यावं लागेल. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात दोघं खाकी वर्दीतले हवालदार म्हणून उभे राहिले आणि त्या भूमिकांची नावंच त्यांना कायमची चिकटली. सारखेच चेहरे, सारखीच वर्दी, आणि एकमेकांची अखंड हजामत. पोलिसाला एरवी कोण हसणार? पण वर्दीतला माणूसच वर्दीची अब्रू काढतो म्हटल्यावर मंडप मोकळा व्हायचा.

हवालदाराची हीच वर्दी शहरी थिएटरात नेली दादा कोंडके यांनी. मराठीत अपमानाच्या विनोदावर उभ्या राहिलेल्या कारकिर्दीचं त्यांच्याइतकं मोठं उदाहरण दुसरं नाही.

८ ऑगस्ट १९३२ चा जन्म, नाव कृष्णा, मुंबईच्या गिरणगावातलं घर, मूळ गाव भोरजवळचं इंगवली. तरुणपणी बँड पथकात वाजवलं, अपना बाजारात नोकरी केली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाच्या वर्तुळात नाटकाची गोडी लागली आणि मग स्वतःची पार्टी काढून ‘खणखणपूरचा राजा’ केलं. हे चाललं असतानाच ते वसंत सबनीसांकडे गेले. सबनीस सोलापूरचे, म्हणजे धाराशिवच्या शेजारचेच. आणि गंमत म्हणजे नोकरी राज्य शासनाच्या प्रसिद्धी खात्यात. सरकारची बाजू मांडण्याचा पगार घेणाऱ्या या लेखकाने ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला, तोच ‘विच्छा माझी पुरी करा’. १९६५ साली तो कोंडक्यांनी रंगमंचावर आणला. बिनडोक राजा, कारस्थानी प्रधान, वशिल्याने नेमलेला कोतवाल, आणि बढती हुकलेला हवालदार. हवालदार आणि त्याची मैनावती मिळून कोतवालाला राजाचा पलंग चोरायला लावतात, एवढीच कथा. पण बढती हुकलेला माणूस प्रत्येक कचेरीत होता. तो पुढच्या खुर्चीवर बसून पोट धरून हसत होता.

प्रयोगांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. सबनीसांची संहिता चोख होती. पण लोक पुन्हा पुन्हा येत ते आज दादा काय भर घालणार यासाठी. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्री हवालदाराच्या तोंडी असायची. मंत्री, सत्ताधारी काँग्रेस, महागाई, कुणाची गय नव्हती. आणि दादांचा चेहरा मात्र भाबडा, जणू आपण काय बोललो हे आपल्याला कळलंच नाही. हे त्यांचं खरं हत्यार. शहाण्या चेहऱ्याने तीच वाक्यं बोलली असती तर भाषण झालं असतं. भाबड्या चेहऱ्यामुळे वाईट अर्थ काढण्याची जबाबदारी प्रेक्षकावर पडायची. द्वयर्थी बोलण्याचं सगळं कसब याच फटीत आहे, आणि सेन्सॉर बोर्डाला ते आयुष्यभर छळत राहिलं, कारण कात्री शब्दावर चालते आणि दादांच्या शब्दांत आक्षेपार्ह असं काही नसायचं.

आशा भोसले यांनी नाटक पाहून चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, असं सांगतात. दादांची भूमिका असलेला भालजींचा ‘तांबडी माती’ १९६९ मध्ये आला. १९७१ चा ‘सोंगाड्या’ दादांचा स्वतःचा, लिहिला पुन्हा सबनीसांनीच. चित्रपटाचं नावच धंद्याचं नाव! दादरच्या कोहिनूर थिएटरने देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी तो बाजूला सारला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांचे शिवसैनिक थिएटरवर गेले आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशी रांग लागली. सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि गिनेस बुकात नोंद झाली. १४ मार्च १९९८ ला ते गेले, तोवर शिवसेनेच्या सभांतही त्यांनी फड गाजवले होते. एक मात्र खरं की सिनेमाने त्यांच्या हातातून एक गोष्ट काढून घेतली. पडद्यावर पुढच्या रांगेतला फेटेवाला नसतो. राजाला मारलेली टपली मागे पडली आणि द्वयर्थच पुढे आला, असं ‘विच्छा’ पाहिलेली जुनी माणसं हळहळून म्हणतात, त्यात तथ्य आहे.

एकट्याने मंचावर उभं राहण्याची वाट मराठीत दादांच्या सिनेमांच्या काळातच रुळली. राम नगरकरांनी ‘रामनगरी’त हजामाच्या घरातलं आपलं आयुष्य सांगितलं आणि बहुतेक टपल्या स्वतःलाच मारून घेतल्या. औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याच्या जिवावर गावोगाव नेलं, मराठवाडी बोलीतली डझनावारी पात्रं उभी केली. तोवर मराठवाडी बोलणारा माणूस पुण्या-मुंबईच्या नाटकात हसू आणायला ठेवलेला असे. देशपांड्यांनी बाजू पालटली : बोलणारा मराठवाड्याचा आणि हसणारं पुणं. आजही स्टँडअपमध्ये कुणी ‘काय करलालास?’ म्हटलं की टाळी पडते. ती टाळी बोलीवर पडते की बोलणाऱ्यावर, हे बोलणारा कुठला यावर ठरतं. लातूर-धाराशिवचा पोरगा स्वतः बोलला तर ती रुखवताची थट्टा. कोथरूडच्या पोराने नक्कल केली तर कपाळाला आठी.

स्टँडअपवाले ज्याला ‘क्राउड वर्क’ म्हणतात, ते सोंगाड्याचंच जुनं काम. कुठून आलात? काय करता? लग्न झालं? तीन प्रश्नांत माणूस उघडा पडतो. ‘भाडिपा’च्या मंडळींनी २०१६ पासून यूट्यूबवर आणि नंतर मंचावर मराठीतून हा नवा विनोद रुजवला, आणि तिकीट काढून पुढच्या रांगेत बसणाऱ्याला आपण काय पत्करतो आहोत हे पक्कं माहीत असतं.

भानगड पुढे होते. वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये २० डिसेंबर २०१४ ला ‘एआयबी नॉकआउट’ हा रोस्टचा कार्यक्रम झाला. करण जोहर सूत्रधार, रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर टपल्या खायला बसलेले, समोर सुमारे चार हजार प्रेक्षक. त्या रात्री कुणाचं काही बिघडलं नाही. जानेवारीअखेर चित्रफीत यूट्यूबवर आली आणि आठवड्याभरात ती काढावी लागली, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. दहा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, स्टँडअप कलाकार कुणाल कामराचं उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उद्देशून मानलं गेलेलं विडंबनगीत आलं. कार्यक्रम खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत आधीच होऊन गेला होता, प्रेक्षक हसून घरी गेले होते. तोडफोड झाली ती चित्रफीत लोकांच्या हातात पोचल्यावर, आणि करणारे शिंदे यांच्या शिवसेनेचे कार्यकर्ते होते. कोहिनूरच्या दारात ‘सोंगाड्या’साठी उभ्या राहिलेल्या शिवसैनिकांची आठवण ज्यांना आहे, त्यांना हा उलटा प्रवास लक्षात येईल.

दोन्ही वेळा मंडपातल्या माणसांनी परवाना दिला होता. मोबाइलवर तीस सेकंदांचा तुकडा पाहणाऱ्याने तो दिलेला नसतो. त्याने सोंगाड्याची पहिली टपली पाहिलेली नसते, दुसरी नाही, तिसरी नाही. थेट चौथीच त्याच्या डोक्यावर येऊन आदळते.

तेरला आजही चैत्रात गोरोबाकाकांच्या समाधीची यात्रा भरते. काकांची आणखी एक कथा तिथे सांगतात, आणि दोन कथांचा क्रम लावत बसू नये. शपथ मोडल्याच्या पश्चात्तापाने काकांनी स्वतःचे हात तोडून घेतले होते. पंढरपुरात कीर्तन उभं राहिलं, सगळ्यांनी हात वर करून टाळ्या धरल्या, काकांनी थोटे दंड वर केले, आणि हात फुटले. कीर्तन करत होते ते नामदेव. कच्चं मडकं ठरलेले.